नीमाचं यंत्र आणि अजेयचा हात

देवास,
९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
चिंतामणीचा शि. सा. न. वि. वि.

गौरी-गणपतीत टाकलेलं तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागलंय, तेव्हा फोन करून ओरडण्यात अर्थ नाही. कारखान्यात पस्तीस वर्षं प्रेसच्या खडखडाटात काढली, कान तिथेच सोडून आलो. आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की वरची खोली भाड्याने दिली. कोणाला दिली ते नीट बसून वाच. मुलगी टांझानियाची आहे, नाव नीमा, गाव म्बेया. इंदूरला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकली. हिंदी आपल्या कॉलनीतल्या पोरांपेक्षा साफ बोलते. इथल्या इंडस्ट्रियल एरियात ते नवीन स्टार्ट-अप केंद्र निघालंय ना, तिथे तिने कंपनी काढली आहे. कंपनी म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ती स्वतः! वत्सला आधी कुरकुरली, परदेशी मुलगी, काय खाईल, काय नाही. चौथ्या दिवशी दोघी मिळून पोळ्या लाटत होत्या. आता सकाळचा पहिला चहा नीमाला मिळतो आणि मला उरलेला.

ती बनवतेय ते सांगतो. तिची आई तिकडे शेतातला दाणा विकते. व्यापारी एक दाणा दाताखाली धरतो, ओला आहे म्हणतो आणि भाव पाडतो. खरंच ओला आहे का, हे सांगायला बिचारीकडे काही साधन नाही. म्हणून नीमाचं हे यंत्र. हातात मावेल एवढं. वाटीभर सोयाबीन ओतलं की ओलावा किती टक्के तो आकडा दाखवतं. गरीब शेतकऱ्याच्या घरात राहावं असं स्वस्त करायचं तिच्या मनात आहे. त्यासाठी देवासच का, असं मी विचारलं. म्हणाली, सोयाबीन माळव्यात आणि लेथ देवासात, मग तिसरीकडे कशाला जाऊ?

ताई, ही मुलगी सामान कसं जमवते ते बघून मी थक्क झालो. केंद्राने टेबल दिलं, इंटरनेट दिलं आणि एक मार्गदर्शक दिला. तो एकदा आला, फोटो काढून घेतला आणि गेला. बँकेत गेली तर इथला जामीन आणा. प्रयोगशाळेत गेली तर किसके थ्रू आई हो. जिथे जावं तिथे हाच सवाल. मग तिने मोठे दरवाजे सोडलेच. स्प्रिंग बसस्टँडच्या कुलूपवाल्याकडून घेतली. वाटी भांड्यांच्या बाजारातल्या ठठेऱ्याकडून ठोकून घेतली. आतल्या तारा मोबाइल दुरुस्त करणारा मनन जोडून देतो. इंदूरला शिकणारी तिच्या देशाची दोन मुलं रविवारी येऊन कॉम्प्युटरचं काम करतात आणि आमचा भात संपवून जातात. पितळेचे भाग मी अंगणातल्या लेथवर काढून देतो. पंचेचाळीस वर्षं देवासात राहून मला ठाऊक नाहीत ती माणसं तिला सहा महिन्यांत सापडली. मला तर तिचा फार अभिमान वाटायला लागलाय.

पण गाडं एका जागी अडलंय. यंत्राला अजून आकडे शिकवायचे आहेत. त्यासाठी नव्या पिकाच्या, वेगवेगळ्या शेतांतल्या तीनशे पुड्या हव्यात, काही ओल्या, काही सुक्या. प्रत्येक पुडीतला थोडा दाणा भट्टीत सुकवून, आधी आणि नंतर तोलून, ती खरा ओलावा काढते. तो आकडा मग यंत्राला शिकवायचा. एकतीस ऑक्टोबरला केंद्राची समिती यंत्र तपासणार. पास झाली तर वर्षभर टेबल राहील आणि व्हिसा वाढवायला लागतं ते पत्र मिळेल. नाही झाली तर डिसेंबरात यंत्र खोक्यात भरून परत जायचं.

मंडीत कोणी ओळखीचं आहे का, असं तिने मला विचारलं. मी नाही म्हणालो.

लोभ आहे, तो पोह्यांच्या पापडांसकट पाठवत जा.

तुझा,
चिंतामणी

धार,
१४ सप्टेंबर २०२५

चि. चिंतामणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

नाही म्हणालास? सख्खा भाचा बदनावरच्या मंडीत अठरा वर्षं माल पारखतोय, रोज शंभर ट्रॉल्या त्याच्या हाताखालून जातात, आणि तू त्या पोरीला तोंड वर करून नाही म्हणालास? धन्य आहे तुझी!

कारण मला ठाऊक आहे, आज लिहूनच टाकते. बावीस वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे माझ्या अजेयला घेऊन आले होते. कारखान्यात एक शब्द टाक, एवढंच म्हटलं होतं. आपले वडील, मोरोपंत, धारच्या दरबारी कचेरीत असताना कोणासाठी कधी शब्द टाकत नसत, म्हणून तूही टाकायचा नाहीस, इथवर ठीक होतं. पण तू त्याच्या हातात कानस दिलीस, लोखंडाचा तुकडा घासायला लावलास आणि मला म्हणालास की या मुलाच्या हातात काही नाही. तो दाराआडच उभा होता रे. तेव्हापासून तुझ्या घरच्या कार्याला येतो, वाकून नमस्कार करतो, जेवतो आणि जातो. तू ते जाणतोस, म्हणूनच तुझी त्याला विचारायची छाती होत नाही.

मी मध्ये पडणार नाही. पुष्कळ वर्षं पडले, आता गुडघे दुखतात. विचारायचं तर तू विचार.

नीमाचं मात्र मी बघते. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं ते काय उगाच? माझ्या विद्यार्थिनी राजगढपासून बदनावरपर्यंत शेतीवाल्या घरांत दिल्या आहेत. दसऱ्याला सगळ्या सोनं द्यायला येतात. यंदा सगळ्यांना निरोप धाडते की आपट्याच्या पानाबरोबर आपल्या शेतातलं मूठभर नवं सोयाबीन पिशवीत घालून आणायचं, वर गावाचं नाव. तिच्या त्या मोठ्या दरवाजांना म्हणावं, ही आमच्या थ्रू आली आहे.

वत्सलेला आशीर्वाद. तिच्या गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं लेथला लावू नकोस.

सदैव तुझं बरं चिंतणारी,
ताई

धार,
३ ऑक्टोबर २०२५

चि. चिंतामणीस अ. आ.

एकशे बासष्ट! दोनदा मोजल्या. काल दुपारपासून रांग लागली होती. माझ्या जुन्या वर्गातल्या शिवांगीने तर सासूला, जावेला आणि नणंदेलाही आणलं, प्रत्येकीची पिशवी निराळी. एक जण राजगढहून बसने आली, मांडीवर पिशवी घेऊन. कोणाला ही नीमा कोण ते माहीत नव्हतं. परदेशातली लेक आहे, हाताने यंत्र करतेय, एवढं मी सांगितलं. बायका म्हणाल्या की अजून लागलं तर सांगा. माझा ऊर भरून आला रे. धारेत अजून माझा शब्द चालतो!

शेजारचा पियुष इंदूरमार्गे देवासला येतोय, त्याच्या गाडीत पोतं भरून पाठवते आहे. पोचल्याचं लगेच कळव. नीमाला सांग, पहिला आकडा मला कळवायचा.

तुझी,
ताई

देवास,
७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. कसं लिहू कळत नाही. तू आधी पाणी पी.

नीमाने परवा पहिल्या वीस पुड्या तपासल्या. सगळ्यांचा ओलावा साडेआठ, नऊ, साडेआठ. ती म्हणाली यंत्र बिघडलं. रात्रभर जागून तिने ते उघडलं, पुन्हा जोडलं. मग भट्टीत सुकवून बघितलं तरी तेच. काल साठ पुड्या झाल्या, एकही दहाच्या वर नाही. तेव्हा वत्सलेने एक पिशवी उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

ताई, तुझ्या बायकांनी दाणे पाखडून, निवडून, दोन-दोन दिवस उन्हात वाळवून आणलेत! काहींनी तर जरासे भाजलेतसुद्धा. दसऱ्याच्या दिवशी बाईंच्या घरी कोणी ओलं, कचऱ्याचं धान्य घेऊन जातं का? त्यांनी आपल्या परीने उत्तमातलं उत्तम दिलं. एकशे बासष्ट घरांचा चांगुलपणा पोत्यात भरलेला आहे आणि त्याचा कामाला काडीचा उपयोग नाही.

नीमा हसली, मला वाटलं होतं रडेल. आपल्या आईनेही असंच केलं असतं, म्हणाली. पण आज सकाळी ती चहाला खाली आली नाही. वर जाऊन बघितलं तर खोकी मोजत बसली होती. चोवीस दिवस राहिलेत.

तुझा,
चिंतामणी

धार,
१० ऑक्टोबर २०२५

चि. चिंतामणीस अ. आ.

मेले लाजेने. मी काही वाळवा म्हणाले नव्हते, पण वाळवू नका असंही म्हणाले नाही. पस्तीस वर्षं शिकवून प्रश्नपत्रिका चुकीची काढली. शिवांगीला सांगितलं तर ती आधी ओशाळली, मग दोघी पोट धरून हसलो, मग मला रडू आलं. तेवढ्या पोत्याच्या सोयाबीनच्या वड्या करून खा आता.

हसणं झालं. चिंतामणी, बदनावरच्या मंडीत या घडीला शेतातून थेट ट्रॉल्या येतायत. ओल्या, सुक्या, हव्या तशा. दिवाळीत आठवडाभर मंडी बंद राहील. तुझा ताठा मोठा की त्या पोरीचं वर्ष मोठं, तूच ठरव. पत्र मला नको, अजेयला लिही.

ताई

देवास,
११ ऑक्टोबर २०२५

चि. अजेयास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. मी तुला याआधी एकही पत्र लिहिलेलं नाही, हे लिहिताना ध्यानात आलं आणि वाईट वाटलं.

आमच्याकडे राहणाऱ्या नीमाबद्दल ताईने तुला सांगितलंच असेल. नसेल तर थोडक्यात असं की तिच्या यंत्रासाठी शेतातून आल्या आल्या घेतलेल्या सोयाबीनच्या तीनशे बंद पुड्या हव्या आहेत, या महिन्याच्या आत. त्या तुझ्याकडे मिळू शकतात, दुसरीकडे कुठे नाही. म्हणून मी तुझ्याकडे मागतो आहे.

तुझ्यासाठी मी शब्द टाकला नाही आणि आज परक्या मुलीसाठी टाकतो आहे. तू म्हणशील, मामा, हा कुठला न्याय? तू नाही म्हणालास तरी मी मुळीच रागावणार नाही. पण माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. ती चांगली मुलगी आहे, आणि कामाला वाघ आहे.

सूनबाई श्रियाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मामा,
चिंतामणी

बदनावर,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. मामा यांस सादर प्रणाम.

माझी मराठी लिहायची आदत सुटली आहे, चुका माफ करा. शाळा हिंदीची, मंडी मालवीची, मराठी फक्त आईशी. तुमचं पत्र लेकीकडून, अनन्याकडून वाचवून घेणार होतो, पण तिला तर माझ्याहून कमी येते. मग मीच बसून वाचलं, तीनदा.

मामा, खरं सांगू का? पहिल्यांदा वाचलं तर राग आला. आपल्या भाच्यासाठी नाही, आणि हिच्यासाठी हो. गाडी घेऊन बाहेर निघून गेलो. मग दुसऱ्यांदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की मागतो आहे. तुम्ही कोणाला कधी काही मागितलं, असं मी आयुष्यात ऐकलं नाही. आईनेही नाही ऐकलं.

तर माझं हो आहे. एकदम पक्कं. तीनशे काय, पाचशे घ्या. ट्रॉली उभी राहिली की पहिला खोंगा, ओंजळभर दाणा, मी प्लास्टिकच्या थैलीत बंद करून देईन, हवा लागणार नाही. माझ्या हाताखालच्या अंशुलला सांगून ठेवलंय, तो प्रत्येक थैलीवर गाव आणि टाइम लिहील. सेठजींची परवानगी घेतली. ते म्हणाले, अजेय भिया की बहन है तो अपनी बहन है. आता आहेच म्हणा.

पण एक अट आहे. नीमाला एकटीला पाठवू नका. तुम्ही पण यायचं. तीन दिवस माझ्याकडे राहायचं आणि मी काम करतो ते बघायचं. तुम्ही माझं काम कधी बघितलेलं नाही.

दिवाळीआधीच या, १६ ला सकाळी ट्रॉल्या लवकर लागतात. वेळ कमी आहे म्हणून हे पत्र देवासला निघालेल्या ट्रकवाल्याच्या हातीच देतोय. मामींना नमस्कार. श्रिया दाल-बाफले करणार आहे, पोट खाली ठेवून या.

तुमचा,
अजेय

देवास,
१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
चिंतामणीचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुझ्याकडे आलो तेव्हा घरभर माणसं होती आणि माझं कानाचं यंत्र घरी राहिलेलं. जे बोलायचं होतं ते काही बोलता आलं नाही. आज सगळं सविस्तर लिहितो.

सोळा तारखेला आम्ही बदनावरला पोचलो तेव्हा फाटकाबाहेरपर्यंत ट्रॉल्या होत्या. मला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं, चहा दिला. अजेय ट्रॉलीवर चढायचा, दंडापर्यंत हात आत घालायचा, मूठ भरून वर काढायचा, एकदा मिटायचा आणि आकडा सांगायचा. साडेतेरा. अकरा. पुढच्या ट्रॉलीला सतरा, आणि खालचा माल वरच्यापेक्षा ओला आहे, असंही. मी बघत होतो की कोण भांडतं. कोणीच भांडलं नाही. शेतकरी नाही, सेठचा माणूस नाही. एका म्हाताऱ्या पाटलाने मला सांगितलं की हा भिया दोन्हीकडे एकच आकडा सांगतो, म्हणून आपण ट्रॉली याच्याच रांगेत लावतो.

नीमा वहीत तीन रकाने पाडून बसली होती. एकात अजेयचा आकडा, दुसऱ्यात यंत्राचा, तिसऱ्यात भट्टीचा खरा. भट्टी आणि तराजू तिने देवासहून आणून अजेयच्या ओसरीवर लावला होता. पहिल्या दिवशी यंत्र दोन-तीन टक्के चुकत होतं. अजेय अर्ध्या टक्क्यापलीकडे एकदाही चुकला नाही. पन्नास पुड्यांत एकदाही नाही! तिने वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं की हे असं कसं होतं. मी तीनदा चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी ती यंत्राचे आकडे सोडून अजेयलाच प्रश्न विचारायला लागली. बारीक दाणा आणि डागी दाणा यांच्यावर यंत्र फसतं, हे त्यानेच तिच्या लक्षात आणून दिलं. तिने तिथेच हिशेब बदलला. शनिवारी यंत्राचे आकडे त्याच्या आकड्यांजवळ येऊन पोचले. दिवाळीनंतर मंडी उघडली तेव्हा राहिलेल्या पुड्या त्याने स्वतः गाडीतून आणून दिल्या.

ताई, माझी चूक झाली. त्या दिवशी कानस घासायला लावून मी त्याचा हात तपासला आणि निकाल दिला. माझं अख्खं आयुष्य मापं घेण्यात गेलं, मायक्रोमीटर उशाशी घेऊन झोपलो म्हण, आणि पोराला मात्र अर्ध्या तासात मोजून मोकळा झालो. हे मी बदनावरला त्याच्यासमोर, श्रियासमोर बोललो. तो बाफले वाढत होता. म्हणाला, मामा, तूप घ्या. मी ताट पुढे केलं. तूही मला माफ कर.

आता कालचं. समितीपुढे नीमाने याच आठवड्यातल्या पंधरा पुड्या ओतल्या, काही ओल्या, काही सुक्या. पंधराही आकडे बरोबर आले. त्यांनी मग स्वतःच्या घरून आणलेलं एक पाकीट काढलं, तेही बरोबर. वर्षभर टेबल मिळालं, व्हिसाचं पत्र मिळालं, आणि पुढच्या हंगामात मंडीत वापरून बघायला पन्नास यंत्रं करायला सांगितलीत. इथल्या अडचणी कशा सोडवल्यास, कोणाची मदत मिळाली, असं त्यांनी विचारलं. वाटलं होतं केंद्राचं नाव घेईल. तिने कुलूपवाल्यापासून सगळी नावं घेतली. धारच्या एकशे बासष्ट बायकांचीही घेतली. त्यांच्यामुळे सुका दाणा यंत्राला सगळ्यात पक्का शिकवता आला, असं म्हणाली. तेव्हा पोतं अगदीच वाया गेलं नाही, शिवांगीला कळव. तांत्रिक सल्लागार म्हणून कागदावर तिने एकच नाव लिहिलं होतं. अजेयचं.

समितीचे अध्यक्ष भास्कर, माझ्याच हाताखाली शिकून पुढे मोठ्या पदावर गेलेला. मला मागच्या रांगेत बघून तो उठला आणि सगळ्यांना सांगायला लागला की हे आमचे फोरमनसाहेब, यांनी देवासात अर्ध्या लोकांना घडवलं. मी हात जोडून त्याला थांबवलं. सांगितलं की आज मी फोरमन म्हणून आलेलो नाही, मी अजेयचा मामा.

अजेय दाराशी उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नव्हता. हे ऐकल्यावर आला, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. पुढचं समिती काय बोलली ते मला काही ऐकू आलं नाही, आणि मी कानाचं यंत्र नीट करायलाही गेलो नाही.

वत्सलेचा नमस्कार, नीमाचाही, ती मराठीत म्हणायला शिकली आहे. माझ्यावरची माया कमी करू नकोस ताई, या वयात मला ती पूर्वीपेक्षा जास्त लागते.

तुझा,
चिंतामणी